फोन रखडला त्याची कारणं

नवा फोन बाजारात यायच्या आदल्या दिवशी दुपारी कंपनीने दोन ओळींचं पत्रक काढलं. काही अपरिहार्य कारणांमुळे विक्री पुढे ढकलण्यात येत आहे, नवी तारीख लवकरच कळवू. पत्रक आलं तेव्हा मी ऑफिसात बसून त्याच फोनचं कौतुक लिहून संपवत होतो. फोन अजून हातात घेतला नव्हता, पण तो हातात किती अलगद बसतो यावर माझा एक आख्खा परिच्छेद झाला होता.

मी वर्तमानपत्रात नव्या यंत्रांवर सदर लिहितो. फोन, घड्याळं, कानात घालायची बोंडं, जे बाजारात येईल ते. वाचकांना मी इंजिनियर वाटतो, आणि हा गैरसमज दूर करायला मी कधी फारसे कष्ट घेतलेले नाहीत. खरं म्हणजे मी नाटकांची परीक्षणं लिहायचो. नाटकांचं पान बंद झालं तेव्हा संपादकबाईंनी मला बोलावून विचारलं होतं, "फोनमधलं काही कळतं का तुला?" मी म्हटलं, "थोडंफार." त्या थोडंफारवर आजवर माझं घर चाललं आहे.

पत्रक आल्यावर बाई केबिनमधून उठून थेट माझ्या टेबलाशी आल्या. त्या स्वतः चालत आल्या की समजायचं, काम अवघड आहे.

"का लांबला?"

"अपरिहार्य कारणांमुळे."

"ते सगळ्यांकडे आहे. आपल्याकडे काय आहे?"

"चौकशी करतो."

"कर. संध्याकाळपर्यंत पहिल्या पानावर जागा धरून ठेवते."

पहिल्या पानावर माझं नाव यापूर्वी एकदाच आलं होतं, तेही चुकदुरुस्तीत. मी ताबडतोब कंपनीच्या जनसंपर्क अधिकारी बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज असा मऊ की नकार ऐकूनही माणूस धन्यवाद म्हणतो.

"आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या.

"आणि न सांगण्यासारखं?"

"तेही नाही."

मी धन्यवाद म्हटलं आणि जिना उतरून खालच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. त्या दुकानदाराला आम्ही सगळे चार्जर म्हणतो. दुकानात पाऊल टाकलेला माणूस काहीही घ्यायला आलेला असो, जाताना त्याच्या हातात एक चार्जर असतोच. माझ्या घरी तेरा आहेत.

"बॅटरी असेल," चार्जर मान वर न करता म्हणाला. एका फोनची काच उचकटण्यात तो गुंतला होता.

"असेल की आहे?"

"असणारच. मागच्या मॉडेलची एक आली होती माझ्याकडे. फुगून उशी झाली होती."

मी वळलोच. तो मागून आणखी काहीतरी सांगत होता, गिऱ्हाइकाने तो फोन गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवला होता वगैरे. पण तोवर मी जिन्यावर पोहोचलो होतो आणि डोक्यात मथळा तयार होता. 'बॅटरी फुगल्याने फोन रखडला? विश्वसनीय सूत्रांची माहिती.' त्यातलं प्रश्नचिन्ह ही माझ्या सचोटीची खूण होती. रात्रपाळीच्या उपसंपादकाने ते जागेअभावी काढून टाकलं.

घरी आलो तेव्हा बाबा जेवायला बसले होते. बाबा म्हणजे माझे वडील. कोर्टात लघुलेखक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात हयात गेली, आणि निवृत्तीनंतर एका आजारपणात ऐकूच येईनासं झालं. कानाचं यंत्र त्यांनी लावून पाहिलं होतं. ते लावलं की सगळं जग पत्र्यावरून चालत असल्यासारखं वाटतं, म्हणाले, आणि डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर एक पांढरा फळा आणि पेन असतं. त्यांच्याशी बोलायचं ते त्यावर लिहून.

लिहून बोलायचं म्हटलं की माणूस किती कंजूष होतो ते माझ्याकडे पाहून कळलं असतं. आम्ही कशावर हसलो की ते विचारायचे, काय झालं? मी लिहायचो, 'काही नाही.' त्या फळ्यावर सर्वांत जास्त वेळा हेच दोन शब्द उमटले असतील. पुढे पुढे तर मी ते पुसायचोही नाही, नुसतं बोट दाखवायचो.

तर हा नवा फोन. समोरचा माणूस बोलेल ते तो मोठ्या अक्षरांत पडद्यावर लिहून दाखवणार होता, आपल्या भाषेत. मी या फोनवर लागोपाठ चार लेख लिहिले होते. कॅमेरा, काच, रंग, कडांची गोलाई. ही सोय मी चौथ्या लेखाच्या शेवटी 'याशिवाय' या शब्दानंतर उरकली होती. बाबांनी नेमकी तेवढीच ओळ वाचली आणि त्याच दिवशी चार्जरकडे जाऊन नाव नोंदवून आले. येताना हातात तेरावा चार्जर होता.

त्या संध्याकाळी मी फळ्यावर लिहिलं, 'फोन लांबला.'

"बरं," बाबा म्हणाले आणि जेवत राहिले.

ते हिरमुसतील असं मला वाटलं होतं. मी खाली लिहिलं, 'बॅटरी.'

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कोण म्हणतं?"

'सूत्रं,' मी लिहिलं.

त्यांनी मीठ मागितलं. बायकोला त्याच वेळी ठसका लागला, तर मी उठून तिला पाणी दिलं.

आमची बातमी छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी एका प्रतिस्पर्धी दैनिकात आलं, 'एका आघाडीच्या वर्तमानपत्राने दिलेल्या वृत्तानुसार बॅटरीत दोष.' त्यातला 'आघाडीच्या' मी संपादकबाईंना दाखवून आलो. मग एका वाहिनीने फोन फुग्यासारखा फुगत जातो आणि फटकन फुटतो असं चित्र दिवसभर फिरवलं. त्याच्या पुढच्या दिवशी परदेशातल्या एका संकेतस्थळावर 'स्थानिक तज्ज्ञांच्या मते' असं आलं. आता मी तज्ज्ञही झालो होतो. तेवढ्यात चार्जरने मला वरून खाली बोलावून घेतलं. गल्ल्यावर वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आतली बातमी आहे. बॅटरीच. शंभर टक्के."

"कुणी सांगितलं?"

"माझा घाऊकवाला. आणि त्याला कुणीतरी वरच्या माणसाने."

मी उड्या मारत जिना चढलो आणि लिहिलं, 'बॅटरीच. आमच्या वृत्ताला दुजोरा.'

सकाळी बायकोने चहा पिता पिता ते वाचलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करते, त्यामुळे कुठे दाबलं की दुखतं हे तिला बरोबर कळतं.

"हा घाऊकवाला पेपर कुठला वाचतो?" तिने विचारलं.

"मला काय माहीत."

"आपलाच वाचत असेल."

तिच्या म्हणण्याचा अर्थ माझ्या ध्यानात ऑफिसच्या लिफ्टमध्ये आला. पण तोवर संपादकबाईंनी तो अंक केबिनच्या काचेवर चिकटवला होता, आणि एका वाहिनीवरून चर्चेचं बोलावणंही येऊन पडलं होतं.

स्टुडिओत माझ्या तोंडाला पावडर लावली आणि एका उंच स्टुलावर बसवलं. शेजारच्या स्टुलावर कोट घातलेले एक गृहस्थ होते. त्यांची ओळख 'ज्येष्ठ विश्लेषक' अशी करून दिली गेली. ते म्हणाले, बॅटरी वगैरे काही नाही, काच आहे, काचेला तडे जातात. ते इतक्या ठामपणे बोलले की माझा स्वतःच्या बॅटरीवरचा विश्वास डळमळला. निवेदिका माझ्याकडे वळली. आता नुसतं बॅटरी म्हणणं मला फिकं वाटायला लागलं.

"बॅटरी हे फक्त लक्षण आहे," मी म्हटलं. "मूळ दुखणं वेगळंच आहे."

"ते कोणतं?"

तेवढा विचार मी केलेला नव्हता. पण दिवे डोळ्यांवर होते, समोर कॅमेरा होता, आणि माझ्यातला नाटकवाला इतकी वर्षं उपाशी होता. मी म्हणालो, कंपनीच्या वरच्या वर्तुळात दोन गट आहेत. जुन्या संस्थापकाला फोन आणायचा आहे, त्याच्याच हाताखाली वाढलेल्या माणसाला तो पाडायचा आहे. एका बैठकीत दार आपटून कोणीतरी निघून गेलं. मधल्या एका बाईंची निष्ठा कुणाकडे आहे ते अजून स्पष्ट नाही. मी दुसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत आलो आणि जाहिरातींची वेळ झाली. ज्येष्ठ विश्लेषकांनी माझा हात हातात घेतला. "मलाही असंच काहीसं कानावर आलं होतं," ते म्हणाले.

घरी आलो तर टीव्ही अजून चालू होता आणि बाबा समोर बसले होते.

"तू बोलताना हात फार हलवतोस," ते म्हणाले. "साक्षीदार भरकटला की असंच करायचा."

मी हसून फळ्यावर लिहिलं, 'ऐकू आलं का?'

"नाही. दिसलं."

या सगळ्या दिवसांत बाबा आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी बायकोच्या गाडीतून जात होते. खांदा आखडलाय, तिच्या दवाखान्यात व्यायामाला जातो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालायचे, बुटांना पॉलिश करायचे, आणि खिशाला पेन असायचं. खांद्याच्या व्यायामाला माणूस पेन कशाला नेतो, हा प्रश्न मला पडला नाही. उलट या वयातही किती टापटीप, असं कौतुक वाटलं. शोध घेण्याच्या कामी वर्तमानपत्राने मला पगार दिला होता, त्याच सुमाराची ही गोष्ट आहे.

शेवटी नवी तारीख आली आणि तिच्याबरोबर पत्रकारांना निमंत्रण. एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. आम्हाला मागच्या रांगांत बसवलं होतं, आणि माझ्या शेजारी कोटवाले ज्येष्ठ विश्लेषक आले. व्यासपीठावर कोणी संस्थापक आला नाही, त्याचा विश्वासघातकी शिष्यही आला नाही. साध्या सुती कपड्यांतली एक इंजिनियर मुलगी आली आणि कागद न बघता बोलायला लागली.

"उशीर माझ्या विभागामुळे झाला," ती म्हणाली. "हा फोन समोरच्याचं बोलणं लिहून दाखवतो. आमची अडचण अशी होती की जे त्याला नीट ऐकू यायचं नाही, तेही तो लिहायचा."

सभागृहात थोडी कुजबुज झाली. तिने समजावून सांगितलं. कुणी तोंडातल्या तोंडात बोललं, पंख्याचा आवाज आला, दोघं एकदम बोलले, की फोन अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजाचं छान, शुद्ध, पूर्णविराम दिलेलं वाक्य करायचा. वाचणाऱ्याला कळायचंच नाही की यातलं ऐकलेलं किती आणि रचलेलं किती. चाचणीसाठी त्यांनी कमी ऐकू येणाऱ्या काही लोकांना फोन दिले होते. त्यातल्या एका बाईंना त्यांच्या सुनेने विचारलं होतं, तुम्ही येताय का? फोनने दाखवलं, तुम्ही येऊ नका. बाई दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत.

"आम्हाला वाटत होतं, मध्येच कोरी जागा दिसली तर लोक म्हणतील फोन बिघडलाय. चाचणीला आलेल्या एका काकांनी आमची समजूत काढली. त्यांनी आयुष्यभर कोर्टात लोकांचं बोलणं उतरवून घेतलंय. ते म्हणाले, ऐकू आलं नाही तिथे आम्ही टिंबं द्यायचो आणि पुन्हा विचारायचो. मनाने भरलं असतं तर कुणीतरी आत गेला असता."

कोर्टातले लघुलेखक शहरात पुष्कळ असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

"तो बदल होईपर्यंत या मंडळींनी फोनला मंजुरीच दिली नाही. त्यांच्यापैकी काही जण आज इथे आहेत."

पुढच्या रांगेवर दिवा पडला. चारपाच जण उठले. एक जण बसूनच राहिले, हातातल्या पडद्यावर काहीतरी वाचत. वाचून झालं तसे तेही उठले, मागे वळले आणि लोकांना नमस्कार केला. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खांदा उत्तम दिसत होता.

"हे कोण?" विश्लेषक कुजबुजले.

"माझे वडील."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावर हळूहळू आदर पसरला. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. आणि वडिलांचा शब्द राखायला म्हणून तुम्ही ते बॅटरीचं..." पुढे त्यांना शब्द सुचेनात. मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं त्यांनी आपल्या परीने भरून घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर बाबा बाहेरच्या पायऱ्यांजवळ भेटले. त्यांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्यांच्याशी फळ्याशिवाय बोलायची ही किती वर्षांनी आलेली वेळ होती.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. पडद्यावर माझेच शब्द चढत गेले, मोठे आणि काळे.

"गुपित ठेवीन अशी सही केली होती," ते म्हणाले. "घरात कोणी पत्रकार आहे का, असंही विचारलं होतं त्यांनी."

"मग?"

"आहे म्हटलं. घाबरले ते. मी म्हटलं, काळजी करू नका, आमचं बोलणं फारसं होत नाही."

हे त्यांनी चिडून म्हटलं नाही. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मी खाली बघून काहीतरी पुटपुटलो. पडद्यावर टिंबं आली, एक लांब ओळ.

"हे नाही आलं," बाबा म्हणाले. "परत बोल."

"घरी चालत जाऊ या का म्हटलं."

त्यांनी वाचलं, मग टिंबांची ओळ बोटाने मोजल्यासारखी केली. "आधीचं याच्यापेक्षा मोठं होतं," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले.

आम्ही चालत गेलो. वाटेत ते बोलत होते आणि मी दर सिग्नलला थांबून फोनमध्ये उत्तरं देत होतो. चाचणीच्या गोष्टी त्यांनी रंगवून सांगितल्या. चार्जरकडे नाव नोंदवताना ऐकू येत नाही असं लिहिलं होतं, त्यावरून कंपनीने त्यांना बोलावलं होतं. ती सुनेशी न बोललेली बाई आणि ते एका टेबलावर बसायचे म्हणे. माझ्या दोन गटांच्या मधल्या बाई त्याच असाव्यात, असं मी म्हटलं. त्यांना समजलं नाही. माझी टीव्हीवरची मुलाखत त्यांना खरंच ऐकू आली नव्हती. मग मला ती सगळी सांगावी लागली, संस्थापकापासून दार आपटण्यापर्यंत. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांनी ती पडद्यावर वाचली आणि डोळे पुसेपर्यंत हसले. तिसऱ्या अंकात काय होतं, असं विचारलं.

बायकोला मी घरी गेल्या गेल्या धरलं.

"तुला माहीत होतं."

"मी त्यांना तिथे सोडायचे. कशाला जातात ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अंदाज होता."

"मग मला तरी सांगायचं."

"तू छापलं असतंस."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पोहोचायच्या आधीच विश्लेषकांची आवृत्ती पोहोचली होती. संपादकबाई पुन्हा चालत माझ्या टेबलाशी आल्या. "घरात एवढं मोठं सूत्र, आणि तू अवाक्षर काढलं नाहीस," त्या म्हणाल्या. "मला आधी राग आला. पण वडिलांसाठी केलंस. मानलं."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. मला काहीच माहीत नव्हतं, बॅटरी चार्जरने सांगितली, दोन गट मी स्टुलावर बसून रचले, बाबा खांद्याला जातात असं मला वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "अजूनही त्यांनाच सांभाळतोयस," त्या म्हणाल्या. मी एवढं खरं एका दमात यापूर्वी कधी बोललो नव्हतो, आणि त्यातल्या एका शब्दावरही कुणी विश्वास ठेवला नाही. खाली जाऊन चार्जरला सांगितलं. तो म्हणाला, बॅटरी आहेच, ते लपवायला हे टिंबांचं काढलंय.

बाबा आता तो फोन शर्टाच्या खिशात ठेवतात, कुणाचे ओठ हलले की काढून वाचतात. घरात त्यामुळे बरेच बदल करावे लागले. पूर्वी आम्ही दोघं त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोरच बोलायचो. त्यांचं पथ्य, त्यांचा हट्टीपणा, त्यांनी अंघोळीला लावलेला वेळ. आता एखादं वाक्य तोंडातून निघालं की पलीकडून चष्मा वर होतो आणि लगेच खुलासा येतो. त्यांना खूप काही म्हणायचं होतं, असं आमच्या लक्षात येत चाललं आहे. माझ्या सदराबद्दल तर रोजच असतं.

भांडायचं झालं तर आम्ही नवराबायको गच्चीवर जातो. परवा असेच गेलो. आवाज चढायला लागला होता, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि बाबा आले, फोन समोर धरून.

"माझ्याबद्दल आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," बायको फोनकडे बघत स्वच्छ आवाजात म्हणाली. "याच्याबद्दल आहे."

"मग बसतो," ते म्हणाले, आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून घेतली.